परदेशातल्या गरीब वस्तीत शिकवायला जायचं म्हणते. गोव्यातून कोणी गेलंय का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. नातवाचा अभ्यास घ्यायचा आणि कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, एक फेरी मारायची, एवढ्यात दिवस सरत नाही. हे खरं कारण. समाजसेवा वगैरे त्यानंतर. परदेशात एखाद्या गरीब वस्तीतल्या शाळेत काही महिने बिनपगारी शिकवावं असं डोक्यात आलंय. टांझानिया, मोझांबिक आणि नेपाळ असे तीन देश मनात आहेत. मोझांबिक एवढ्याचसाठी की आमच्या वाड्यावरची काही माणसं पोर्तुगीज अमदानीत तिकडे गेली होती. लहानपणी लोरेंसु मार्किशच्या (आताच्या मापुतोच्या) गप्पा इतक्या ऐकल्या, की मडगावपेक्षा तेच जवळचं वाटायचं.

नेटवर शोधाशोध केली. एका संस्थेने आठवड्याच्या हिशेबाने डॉलर मागितले. त्यात राहणं, जेवण, दोन दिवसांचं ओरिएंटेशन आणि शेवटी सफारी. विमानाचं भाडं वेगळं. किती वर्षं शिकवलं, कोणत्या इयत्तेला, हे कोणी विचारलं नाही. टी-शर्टचं माप मात्र विचारलं. तिथेच जरा शंका आली.

पैसे भरून शिकवायला जायचं हा काय प्रकार आहे? आणि माझा तिथे खरंच काही उपयोग होईल का? पाचवीपासून आपल्याकडे इंग्रजी माध्यम, त्यामुळे इंग्रजीत गणित शिकवायची सवय आहे. पण सवय म्हणजे फळ्यावर इंग्रजी आणि तोंडाने मराठी-कोंकणी, सगळे करतात तशी. गोऱ्या माणसासारखं फाडफाड बोलता येत नाही.

मडगाव लोकल

खूण साठवली. वाचतोय.

मांडवीकाठ

बाई, राग मानू नका, पण टांझानिया कशाला? सत्तरी तालुक्यात जा, सांगेत जा. धनगरवाड्यांवरची पोरं बघा. मराठी प्राथमिक शाळा पटसंख्या नाही म्हणून एकेक करून बंद होताहेत. २०११ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान मिळालं तेव्हापासून तर

खडूफळा

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. छत्तीस वर्षं याच तालुक्यात काढली, त्यातली बरीच सत्तरीतून चालत येणाऱ्या पोरांबरोबर. आता मला बाहेरचं जग बघायचं आहे आणि मला करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शिकवणं. एवढा स्वार्थ चालेल ना?

मांडवीकाठ

चालेल की. वाक्य अर्धं राहिलं होतं, ते तसंच राहू दे. माध्यमाच्या वादाचे इथे आधीच वीसेक धागे आहेत.

झुआरीपलीकडे

बाई, मी पलीकडच्या बाजूने सांगतो. तुम्ही म्हणता ती परदेशातली गरीब वस्ती म्हणजे आमची वस्ती. वास्कोच्या बाजूला एका ठिकाणी संध्याकाळचा वर्ग चालतो, तिथला हिशेब आणि सामानसुमान मी बघतो. मुलं बहुतेक उत्तर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची, काही लमाण्यांची. घरात कन्नड नाहीतर लमाणी, रस्त्यावर हिंदी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. ऑक्टोबरात समुद्रकाठी शॅक उभे राहायला लागले, की आमच्याकडेही परदेशी पाहुणे सुरू. कोणी दोन आठवडे, कोणी महिनाभर. मनाने चांगले असतात, हे आधीच सांगतो. खिशातून खर्च करतात, उन्हात चालत येतात, पोरांना कधी हिडीसफिडीस करत नाहीत.

पण होतं काय? नवा माणूस आला की एबीसीडी आणि रंगांची नावं. आधीच्याने कुठवर आणलं ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि नव्याला ते विचारायचं सुचत नाही. तो गेला की पुढचा येतो आणि परत रेड, ब्लू, यलो. आमच्या वर्गातल्या एका पोराला इंग्रजीतून सगळे रंग, निम्मे प्राणी आणि चार गाणी पाठ होती. शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य मात्र वाचता येत नव्हतं. पाहुण्यांना तो फार हुशार वाटायचा. फोटोत नेहमी पुढे.

दुसरं, हे कोणी बोलत नाही. आमच्याकडे वस्तीतलीच एक ताई शिकवते. बारावी झालेली, तुटपुंजं मानधन. पाहुणे आले की तिचं काम काय, तर चहा करायचा, पोरांना गप्प बसवायचं आणि मोबाईल धरून व्हिडिओ काढायचा. म्हणजे वर्षभर जी शिकवते ती सीझनमध्ये शिपाई. आणि पोरांना ते दिसतं. पाहुणे गेल्यावर महिनाभर तिचं कोणी ऐकत नाही.

एक बाई मात्र वेगळी होती. स्वतःच्या देशात शाळेतून निवृत्त झालेली, तुमच्यासारखीच. पहिले काही दिवस ती नुसती मागच्या भिंतीला टेकून बसून राहिली. आम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. मग ताईला विचारलं, तुला शिकवायला सगळ्यात अवघड काय जातं? ताई म्हणाली, हातच्याची वजाबाकी. दोघींनी मिळून माडाच्या झाडणीचे हीर कापले, दहादहाच्या जुड्या बांधल्या, आणि जुडी सोडून सुटे करायचे असा खेळ केला. शिकवायची ताईच, ती बाई शेजारी बसायची. पुढे काही वर्षं प्रत्येक थंडीत यायची आणि दर वेळी ताईचा एकच विषय घ्यायची. आता वयामुळे येत नाही. ताई अजून हिरांवरच वजाबाकी शिकवते, आणि हल्ली दुसऱ्या वस्तीतल्या मुलींनाही दाखवून आली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: उपयोग होतो, पण वर्ग तुमच्या हातात दिला तर नाही. ज्या संस्थेत स्थानिक शिक्षकाचं नावसुद्धा माहितीपत्रकात नाही, तिथे जाऊ नका.

सत्तरीची सून

ताईने चहा करायचा आणि व्हिडिओ काढायचा, हे वाचून अंगावर आलं. आमच्या अंगणवाडीत अधिकारी आले की हेच.

भिंगरी

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं पुस्तकी बोलते. मायकल क्रेमर नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ आहेत. १९८०च्या दशकात, कॉलेज संपल्यावर, ते स्वतः केनियात वर्षभर शिक्षक म्हणून राहिले होते. पुढे पश्चिम केनियातल्याच शाळांमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग तपासला: ज्या शाळांत पुस्तकंच नाहीत तिथे सरकारी पाठ्यपुस्तकं फुकट दिली तर काय होतं? सगळ्यांना वाटेल गुण वाढणार. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजी ही त्यातल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

क्रेमर यांना २०१९चं नोबेल मिळालं ते अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्याबरोबर. त्या दोघांचं एक गाजलेलं काम आपल्या शेजारचं आहे. १९९५ला मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम त्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात तपासला. मागे पडलेल्या मुलांना दिवसातला काही वेळ वर्गाबाहेर काढून अक्षर आणि अंक पक्के करून घ्यायचे. शिकवणाऱ्या बालसखी म्हणजे वस्तीतल्याच, थोड्या मानधनावर काम करणाऱ्या मुली. गुण वाढले. इयत्ता न बघता पातळी बघून गट करायची ही पद्धत पुढे 'प्रथम'कडूनच आफ्रिकेत गेली, झांबियात तर सरकारी शाळांमध्ये चालते.

झुआरीपलीकडे यांची ताई काय किंवा बालसखी काय, मला त्यात एकच धागा दिसतो.

खडूफळा

भिंगरी, तिसऱ्या भाषेतल्या पुस्तकाचं काय होतं ते मला नोबेलवाल्यांनी सांगायला नको. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पाचवीत येतं आणि जून महिन्यात समोर इंग्रजी गणित. बेरीज येत असते. 'फाइंड द सम' म्हटलं की पेन्सिल चावत बसतं. पहिली घटक चाचणी होईपर्यंत पालकांना वाटतं पोरगं ढ आहे. ढ नसतं. मी त्या महिन्यांत पुस्तक उघडतच नसे. आधी तोंडी, मराठीत. मग तेच उदाहरण फळ्यावर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी. मग मराठी बाजू रोज थोडी थोडी पुसत जायची. दिवाळीपर्यंत फळा नुसता इंग्रजी. आमच्या शाळेत त्याला कोणी पद्धत म्हणत नसे, 'बाईंचा अर्धा फळा' म्हणत.

झुआरीपलीकडे, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मागच्या भिंतीला टेकून बसायचं जमेल असं वाटतं. गप्प बसायचं मात्र शिकावं लागेल.

दारेसलामवाला

मूळचा म्हापशाचा, इकडे टांझानियात हिशेबनिसाची नोकरी. बाई, तुमचा अर्धा फळा वाचला आणि लॉग इन करून लिहायला बसलो.

इकडची रचना अशी. सरकारी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत पूर्ण किस्वाहिलीत. त्यानंतर माध्यमिक, ज्याला फॉर्म वन म्हणतात, तिथे एका जानेवारीत सगळं इंग्रजी. गणित इंग्रजीत, जीवशास्त्र इंग्रजीत, परीक्षेची उत्तरंसुद्धा. मुलांनी तोवर इंग्रजी हा एक विषय म्हणून कसाबसा पास केलेला असतो. फॉर्म वनच्या सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीची तयारी करून घेतात, पण ती पुरत नाही. शिक्षकही मग तुमच्यासारखंच करतात, फळ्यावर इंग्रजी आणि तोंडाने किस्वाहिली. फरक एवढाच की ते चोरून करतात, कारण कित्येक शाळांच्या आवारात 'फक्त इंग्रजी बोला' असे बोर्ड असतात. २०१६पासून फॉर्म फोरपर्यंत, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत, फी माफ आहे, त्यामुळे वर्ग तुडुंब. फॉर्म फोरच्या परीक्षेत गणितात नापास होणाऱ्यांची संख्या दर वर्षी पेपरात येते आणि लोक हळहळतात. गणिताचे शिक्षक कमीच.

म्हणजे तुम्ही पाचवीत जे करत होता, ते इकडे आठवीच्या वयाला होतं आणि जास्त अंगावर येतं. युरोपातून येणाऱ्या स्वयंसेवकाला हे दुखणं पुस्तकातून कळतं, कारण त्याचं स्वतःचं शिक्षण घरच्या भाषेत झालेलं. गोव्यातल्या बाईला ते हातात बसलेलं असतं. गोऱ्यासारखं फाडफाड इंग्रजी येत नाही म्हणता ना? उत्तम. पोरांना तुमचं इंग्रजी कळेल.

आता कडू गोष्टी. एक, टुरिस्ट व्हिसावर शिकवायचं नाही. स्वयंसेवकांसाठी निवास परवान्याचा 'सी' वर्ग आहे, अर्ज तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेने करायचा असतो. ती 'टुरिस्टवरच या, कोणी विचारत नाही' म्हणाली तर तिथेच रामराम करा. पकडल्या गेलात तर दंड तुम्हाला. दोन, किस्वाहिली शिकून या. रोमन लिपीत लिहितात आणि लिहितात तसंच बोलतात, आपल्या माणसाला कठीण नाही. तीन, छडी.

खडूफळा

छडी?

दारेसलामवाला

शाळेत छडी इकडे कायद्याने अजून चालते. २००२च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त चार, आणि तीही मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या शिक्षकाने. प्रत्यक्षात कागद कोण बघतो! तुम्ही स्टाफरूममध्ये बसलेल्या असाल आणि बाहेर ओळ लागलेली असेल. परदेशी पाहुण्याने पहिल्याच आठवड्यात यावर भाषण दिलं, की त्याचं पुढे काही ऐकत नाहीत. काहीच बोललं नाही तर रात्री झोप लागत नाही. दोन्ही प्रकारची माणसं बघितली आहेत.

मांडवीकाठ

आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद झाली म्हणतात. आमच्या मास्तरांना तो कायदा मिळायला उशीर झाला.

खडूफळा

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याही स्टाफरूममध्ये वेताची छडी होती, आणि ती बंद होताना मी बघितली आहे. भाषणाने नाही झाली. एका मुख्याध्यापकांनी छडीसाठी पाठवलेल्या प्रत्येक पोराचा गृहपाठ स्वतः तपासायला सुरुवात केली. पाठवणाऱ्या शिक्षकांनाच लाज वाटायला लागली. इतकं सोपं तिथे होईल असं म्हणत नाही. पण माझ्या तासाला छडी नाही, हे संस्थेला आधी लिहून कळवेन.

हिमालयवेडी

नेपाळबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. आपल्याला व्हिसा लागत नाही आणि १९५०च्या करारामुळे तिथे राहण्याला आडकाठी नाही. पुस्तकं देवनागरीत, आकडेही आपलेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून फळा वाचता येतो. मी पोखरापासून आत एका सामुदायिक म्हणजे सरकारी शाळेत होते. वर्ष वैशाखात सुरू होतं, दसैं-तिहारला (आपले दसरा-दिवाळी) मोठी सुट्टी, तेव्हा त्यानंतर जावं.

एकच सांगणं, अनाथालयात अजिबात जाऊ नका. काठमांडू, पोखरा, चितवन, जिथे टुरिस्ट तिथेच अनाथालयांची गर्दी का, याचा विचार केला की कळतं. त्यातल्या कित्येक मुलांचे आई-बाप जिवंत आहेत. शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यांतून आणलेली मुलं. २०१५च्या भूकंपानंतर हे फार झालं. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून मुलं लागतात. कंबोडियातही हेच. ऑस्ट्रेलियाने तर २०१८च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्यात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली आहे. शाळेत शिकवा, मूल संध्याकाळी स्वतःच्या घरी जातं अशा ठिकाणी.

गोळ्या-औषधं

व्यवसायाने डॉक्टर, थोडक्यात लिहितो. केनियातून जाणार किंवा तिथे उतरणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. दाखला आता आयुष्यभर चालतो. गोव्यात ती वास्कोला पोर्ट हेल्थच्या कार्यालयात मिळते, ठरावीक दिवशीच, आधी फोन करून जा. दाखला नसेल तर परत येताना विमानतळावरून सरळ विलगीकरणात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, त्यामुळे बीपीच्या गोळ्यांची यादी घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. टांझानियात मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या लागतातच, 'आम्हाला डासांची सवय आहे' हे गोयंकारी उत्तर चालणार नाही.

आणि पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स काढून ठेवा. मुलांमध्ये काम करायला येणाऱ्याकडे जी संस्था हा कागद मागत नाही, ती इतर कोणाकडेही मागत नसणार.

मडगाव लोकल

मोझांबिकचं काय झालं? मला त्याचंच कुतूहल होतं. आजोबांचे भाऊ बैराला होते.

दारेसलामवाला

तिथे शाळा पोर्तुगीजमध्ये. पोरं घरून माखुवा किंवा चांगाना बोलत येतात आणि पहिलीत पोर्तुगीजवर आपटतात. काही शाळांत सुरुवातीची वर्षं मातृभाषेतून चालवतात. बाईंना आधी पोर्तुगीज शिकावं लागेल. पणजीत वर्ग आहेत, पण गणित शिकवण्याइतकी भाषा यायला वेळ लागतो. बैरा २०१९च्या इदाय चक्रीवादळात फार उद्ध्वस्त झालं. आजोबांच्या भावाचं घर शोधायला जायचं असेल तर टुरिस्ट म्हणूनच जा.

भिंगरी

पैसे भरण्याबद्दल राहिलंच. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, मुख्यालय बॉनला. ब्रिटनची व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था १९५८पासून आहे. दोन्हीकडे अनुभवी माणसं घेतात, स्वयंसेवकाकडून आठवड्याचं भाडं घेत नाहीत, उलट राहण्या-जेवणापुरता भत्ता देतात. निवड कडक असते आणि वाट बघावी लागते. शिक्षकांना मदत करणारी माणसं तिथे मागतात. पैसे घेणाऱ्या सगळ्याच वाईट असं नाही, राहण्या-जेवणाचा खर्च कोणीतरी करायचाच. पण त्यातले शाळेपर्यंत किती पोचतात ते विचारा. उत्तर लेखी मागा.

सत्तरीची सून

बाई, घरचे काय म्हणतात? मी असं काही बोलले असते तर आमच्याकडे देवाला कौल लावायला गेले असते.

खडूफळा

मुलगा म्हणाला, आधी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला शीक. सून माझ्या बाजूने आहे. कौल कोणी लावला नाही, लावला असता तरी मी उजवाच धरला असता.

टांझानियाच बघते. दारेसलामवाले, खाजगी निरोप धाडलाय. एखाद्या सरकारी माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाशी आधी फोनवर बोलता आलं तर बघा. फॉर्म वनच्या मुलांचं कुठे अडतं ते त्याच्याकडूनच ऐकायचं आहे. त्याला मी नको असेन तर तसंही कळेल. टी-शर्टवाल्यांना नकार कळवला. त्यांनी लगेच दहा टक्के सूट दिली.

दारेसलामवाला

एक जण नजरेत आहे. शनिवारी भेटतो त्याला. इंग्रजीत बोलायला लाजतो, तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांना बरे सापडलात. तोवर किस्वाहिलीत शंभरपर्यंत आकडे पाठ करा.

झुआरीपलीकडे

बाई, जानेवारीला अजून वेळ आहे. तोवर आमच्या ताईकडे या. अपूर्णांकांवर गाडी अडली आहे.

खडूफळा

येते. फक्त मागे बसेन. डिचोलीहून यायला बस कोणती?

झुआरीपलीकडे

पणजीपर्यंत कुठलीही, तिथून कदंबची वास्को शटल. वर्ग साडेपाचला. शुक्रवारी नको, त्या दिवशी वस्तीत पाणी येतं आणि निम्मी पोरं घागरी घेऊन नळावर असतात.